गावरान रुईची पहिली उशी

१३ नोव्हेंबर २००६, सोमवार

कापूस खरेदी केंद्र यंदा उघडणार नाही, हे आता नक्की. सवयीने सकाळी साडेसातला गेलो तर फाटकाला कुलूप, कुलपावर कोळ्याचं जाळं. ज्या बाभळींखाली कापसाच्या गाड्यांची रांग लागायची तिथे दोन कुत्री पाय ताणून झोपलेली. बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभा राहिलो. इतकी निवांत झोप गावात बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

पंचवीस हंगाम या फाटकाच्या आत काढले. गाडीतून कापसाचा पुंजका उपसायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचा, धागा किती लांब निघतो ते बघायचं आणि चिठ्ठीवर ग्रेड लिहायची. सुपर, फेअर, नाहीतर परत. स्वतः कापूस कधी पेरला नाही, वेचला नाही, पिंजला नाही. नुसती नावं ठेवली.

नि.ला सांगितलं. चुलीपुढून मान न वळवता म्हणाली, "मंग आता घरी कोनाची ग्रेड काढान? माह्या भाकरीची?" लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, बोलण्यात अजून हिचा हात कोणी धरत नाही.

भाकर सुपर होती. दिवस फेअर.

१६ नोव्हें.

दुपारी जेवून पडलो. नोकरीत हंगामाच्या दिवसांत दुपारची झोप ठाऊकच नव्हती. उठलो तर नि. तोंडाला पदर लावून हसत होती. आरशात बघितलं. गालावर शर्टाच्या गुंडीचा ठसा, चारी भोकांसकट. उशीत माझाच जुना शर्ट. आमच्या उशा म्हणजे फाटके शर्ट, लुगड्याचे तुकडे आणि लग्न होऊन गेलेल्या पोरीचा शाळेतला फ्रॉक.

संध्याकाळी उगाच चौकशी करत फिरलो. शेजारचे गुरुजी: यवतमाळहून आणलेला स्पंज, "उन्हाळ्यात डोकं शिजते." किराणावाला: उशीत भुसा. पानठेल्यावरचा मधू: "आपली हाताची उशी, भाऊ. धुवा लागत नाई."

ज्या तालुक्यात माणसं घरातल्या घरात आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवतात, स्वतः बाहेर ओसरीत झोपतात, त्या तालुक्यात कापसाच्या उशीवर डोकं ठेवणारा एक माणूस सापडला नाही. आणि धड झोपणाराही सापडला नाही. ठेल्यावर सगळ्यांचेच डोळे तांबारलेले. पेपर रोज कोणा शेतकऱ्याची बातमी घेऊन येतो, त्याची घडी कोणी मोडत नाही आजकाल.

१७ नोव्हें.

दुपारचं स्वप्न. लिहून ठेवतो, नाहीतर जाईल.

केंद्रावर रांग लागली आहे. गाड्यांत कापूस नाही, माणसं निजली आहेत. एकेक गाडी पुढे येते, मी वाकून बघतो. कोणाच्या डोक्याखाली वीट, कोणाच्या हात, कोणाच्या वहाणा. मी चिठ्ठी लिहायला जातो तर पेनात शाई नाही. बैल पाऊल जपून टाकताहेत, वरचं माणूस जागं होऊ नये म्हणून. घुंगरांना कोणीतरी चिंध्या बांधल्या आहेत.

नि. म्हणाली, वांग्याची भाजी जास्त झाली.

पण आता जागेपणीही एक गोष्ट दिसते. आमच्या ओसरीचा कोपरा. पट्टेरी कापडाच्या उशा एकावर एक रचलेल्या. खाली एक सतरंजी. गिऱ्हाईक आलं की म्हणायचं, पैशाचं मागाहून, आधी आडवे व्हा. घटकाभर झोपून बघा.

उशांचं दुकान. बावन्नाव्या वर्षी. लिहिलं आणि एकटाच लाजलो. खोडत नाही.

१९ नोव्हें., रविवार

मेहुणा येऊन गेला. यवतमाळला एका गोदामावर चौकीदारीचं त्याने माझ्यासाठी पाहून ठेवलं आहे. रात्रपाळी. "जानेवारीच्या आखरीपर्यंत जागा धरून ठेवतो भाऊजी, मंग माहा इलाज नाई." भला माणूस. नि.ने त्याला दोनदा चहा दिला.

तो गेल्यावर तिला उशांचं सांगितलं. हसेल वाटलं होतं. हसली नाही. मशीनवरचा ब्लाउज पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "पंचवीस वर्सं दुसऱ्याच्या कापसाले नावं ठेवली. आता सोता एक चीज करून दाखवा. एक. मंग बोलू."

ओसरीचा अर्धा कोपरा मिळाला. मशीनच्या बाजूचा नाही. सध्या घर त्या मशीनवर चाललं आहे.

म्हणजे जानेवारीअखेर. तोवर उशी जमली तर जमली, नाहीतर रात्रभर जागून गोदाम राखायचं. झोपेचं दुकान काढायला निघालेल्या माणसाला देवाने बरी नोकरी शोधली.

२३ नोव्हें.

करीमचाचाकडे गेलो. मागच्या गल्लीतला म्हातारा पिंजारी. अर्ध्या तालुक्याची लग्नं याने भरलेल्या गाद्यांवर झाली. मला दारात बघून म्हणाला, "ग्रेडरसाब? रस्ता भूल गये क्या?"

पिंजण आढ्याला टांगलेलं, जुन्या लुंगीत गुंडाळून. चार वर्षांत खाली उतरवलं नाही म्हणे. "फोम आला, मंग आमाले कोन पुसते. अन् आता हात बी हलतात." हात पुढे करून दाखवला. खरंच थरथरतो.

मी उशांचं सांगितलं. चाचा स्टुलावर चढून स्वतःच पिंजण सोडू लागला. मी धरायला गेलो तर ओरडला. लुंगीतून धूळ पडली, तीत जुन्या रुईचे तंतू. उन्हाच्या तिरिपेत किती तरी वेळ तरंगत राहिले. चाचा तारेवर बोट मारून ऐकत होता. मी ते तंतू बघत होतो. चहा थंड झाला.

दिवस सुपर.

२७ नोव्हें.

उशीच्या खोळीचं पट्टेरी कापड आणायला यवतमाळला. एसटीत खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापूस लागलेला, ट्रक घासून गेले की फांद्यांना पुंजके अडकतात. घाटंजीचा एक म्हातारा शेजारी बसलेला. बाहेर बघत म्हणाला, "बाभयीले बोंडं आले." आणि माझ्या खांद्यावर मान टाकून झोपला तो थेट यवतमाळ येईपर्यंत. मी हललो नाही. खांद्याला मुंग्या आल्या. पण वाटलं, हा काम चालू झाल्याचाच शकुन.

निळे पट्टे घेतले. नि.ला लाल आवडतात, ते घरी आल्यावर आठवलं.

१ डिसेंबर

रुई आणली. जिनिंग मिलच्या आवारात अर्धा दिवस फिरून, ढीग न् ढीग बघून, माझ्या हाताने निवडलेली. पहिल्या वेचणीची, पांढरीशुभ्र, अंगठ्यात ताणली तर बोटभर धागा. या हंगामात अशी रुई तालुक्यात दुसरी नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

करीमचाचाने पुंजका चिमटीत धरला, कुस्करला, सोडला. "ये तो रेशम हाय साब. उशीत घालता?"

म्हटलं, सुपर आहे.

"तुमी म्हनता तं सुपरच राह्यन. तुमची मर्जी."

आणि पिंजायला बसला. हात हलत होते तरी तारेवर लाकडी मोगरीचा ठोका चुकत नव्हता. तारेचा घुमारा गल्लीभर. दोन म्हाताऱ्या दारात येऊन उभ्या राहिल्या, नुसतं ऐकायला.

३ डिसें., रविवार

उ. १ तयार. खोळ नि.ने शिवली, भरली मी, तोंड तिने टाचलं. हाताने दाबली तर लोण्यासारखी. पहिला मान तिचा. दुपारी डोकं ठेवलं, डोळे मिटले आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाली, "आता जा तिकडं. पाहून नका राहू."

तासभर झोपली. सत्तावीस वर्षांत ही बाई दिवसा झोपलेली मी पाहिली नव्हती. ओसरीत बसून राहिलो, कोणी हाक मारू नये म्हणून. पोस्टमन आला, त्याला खुणेनेच परत पाठवलं. पत्र कोणाचं होतं देव जाणे.

सुपर, सुपर.

८ डिसें.

उ. १ बसली. तिसऱ्या दिवशी पातळ, चौथ्या दिवशी मधे खड्डा आणि दोन्ही टोकांना गठ्ठे. आज सकाळी नि.ची मान एका बाजूला. माझ्याकडे बघायचं तर अख्खी वळून बघते. "तुमच्या सुपरनं मान धरली माही." तिला हसू येत होतं, पण हसलं की दुखत होतं.

उशी घेऊन चाचाकडे. त्याने खोळ उसवली, आत हात घातला, जणू आत काय निघणार हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. होतंच.

"ये मिलवाला धागा हाय. लंबा, नरम. सुतासाठी एक नंबर. उशीत घातला का एकमेकाले धरून बसते, गठ्ठा होते. उशीले गावरान लागते साब. आखूड धाग्याची, खरबरीत. दबली का परत उठते."

मग आधी का नाही सांगितलं?

"तुमी ग्रेडर ना."

फेअरसुद्धा नाही आजचा दिवस.

९ डिसें.

गावरान. आखूड धागा. पंचवीस वर्षं ज्यावर मी 'परत' लिहिलं तोच. आता कोणी पेरत नाही, सगळीकडे पाकिटातलं नवं बियाणं. चाचा म्हणाला, एकाच ठिकाणी अजून आहे. नाल्यापलीकडच्या टेकाडीला, शेवंताबाईच्या खडकाळ बरडावर.

ते नाव ऐकलं आणि भूक गेली.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. बाई एकटी गाडी घेऊन आली होती. नवरा नुकताच गेलेला. दोन दिवस रांगेत, रात्री गाडीखालीच. तिचा नंबर आला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती. मी पुंजका ताणला, धागा अर्ध्या बोटाचा, आणि तिच्याकडे न बघता 'परत' लिहिलं. ती चिठ्ठी घेईना. म्हणाली, "साहेब, यावर कधी निजले काय?"

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन जेवताना नि.ला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नव्हती, हे मला आज आठवलं.

११ डिसें.

गेलो नाही. सायकलीत हवा नव्हती.

१२ डिसें.

हवा भरली. गेलो नाही.

१४ डिसें.

फाट्यापर्यंत गेलो. दोन चहा घेतले, परत आलो. नि.ने विचारलं, भेटली का? म्हटलं, घरी नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि ताटात भाजी वाढली. म्हणजे कळलं तिला.

मनात आलं, चौकीदारीच बरी. गोदामाला तोंड नसतं.

१८ डिसें., सोमवार

गेलो.

टेकाडीच्या वरच्या अंगाला घर. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, दारावर पंचशीलेचा झेंडा, अंगण स्वच्छ झाडलेलं. बाई कापूस वेचायला निघाली होती, कमरेला ओटी बांधलेली. केस पांढरे झालेत. मला वाटलं होतं ओळख सांगावी लागेल.

"ग्रेडर साहेब नं?"

कसंबसं सगळं बोललो. उशी, चाचा, गावरान. तिने ऐकून घेतलं.

"बसा."

आणि शेतात निघून गेली. मी बसलो. ऊन पायरीवरून अंगणात गेलं, अंगणातून कुंपणावर चढलं. एक कोंबडी तीनदा येऊन बघून गेली. खाली बरडावर बाई वाकून वेचताना दिसत होती, तिने एकदाही वर बघितलं नाही. दिवस मावळायला आली. गाठोडं उतरवून म्हणाली, "आज नाई झालं. उद्या या. माही गाडी दोन दिवस उभी होती."

आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

१९ डिसें.

आज भाकर बांधून घेऊन गेलो. नि.नेच बांधली, काही न विचारता, दोन माणसांची.

तीच पायरी. आज मन कालच्याइतकं तडफडत नव्हतं. रांगेतल्या माणसाला दुसऱ्या दिवशी काय वाटतं ते मला पंचवीस वर्षांत कळलं नव्हतं. वाटण्यासारखं फारसं उरत नाही. आपण नुसते असतो. ओसरीत कापसाचा ढीग, त्याचा तो उन्हात तापलेला वास, थोडा धुळीचा, थोडा तेलकट सरकीचा. वारा आला की ढिगाचा वरचा पापुद्रा हलायचा. मी भिंतीला टेकलो. रांगेतल्या गाड्या परत दिसू लागल्या, पण आता मी एका गाडीखाली होतो आणि वरून कोणीतरी हळूहळू गाडी हाकत होतं.

जागा झालो तर ऊन कललेलं. मी पायरीवर आडवा आणि डोक्याखाली गाठोडं. तिच्या ओटीतल्या कापसाचं, सरकीसकट. मी काही ते घेतलं नव्हतं.

बाई समोर बसून नि.ची भाकर खात होती. "डोकं आपटून राह्यलं होतं भिंतीले," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आता काय लिवता चिठ्ठीवर?"

म्हटलं, माझी चूक झाली. तेव्हा तुमच्याकडे बघायलाही पाहिजे होतं.

"मले माहीत हाय," म्हणाली. "तुमाले माहीत हाय का, थे पाहात होती."

तिचं म्हणणं असं. बरडावर दुसरं काही येत नाही, म्हणून ती गावरान सोडत नाही. बियाणं घरचं, सासूच्या हातचं. एक गाठोडं मला, एका उशीपुरतं. सरकी सगळी परत, ते पुढच्या सालचं बी. जिनिंगवर न्यायचं नाही, दुसऱ्याची सरकी मिसळते. आणि उशी आधी तिच्याकडे. "आठ दिस निजून पाहीन. पसंत पडली तं बाकीचा कापूस तुमचा. नाई तं व्यापारी येऊन राह्यला आखरीले, त्याले देऊन टाकीन."

परत येताना उतारावर सायकल सोडून दिली. केसांत रुई होती, ती नि.ने घरी आल्यावर काढली.

२६ डिसें.

आठवडा सरकी काढण्यात. पाटावर कापूस पसरायचा, वरून लोखंडी सळई फिरवायची, रुई पुढे येते, सरकी मागे राहते. नि. लहानपणी आजीजवळ शिकली होती, माझ्या दुप्पट वेगाने काढते. मशीन बंद ठेवून बसते, हे मला दिसतं.

रुई मळकट पिवळसर आहे. जुना मी असतो तर...

सरकी डब्यात. शेजारच्या शेळीने आज मूठभर खाल्ली. शेवंताबाईला सांगावं लागेल. शेळीला दोन शब्द बोललो. ती चावत राहिली.

६ जानेवारी, शनिवार

पिंजणावर मी. चाचा खाटेवर बसून हुकूम सोडतो. "तारेले मारू नका, तारेले हलवा. रुई आपोआप येते." सकाळभर माझ्या हातून नुसते ठोके निघाले. दुपारी एकदा तार घुमली. मग परत गेली. मग आली.

आल्यावर काय होतं ते लिहिता येत नाही. खोलीभर तंतू उठतात, लहानपणी आम्ही सावरीच्या उडत्या म्हाताऱ्यांच्या मागे धावायचो तसे, आणि उन्हात कुठेच पडत नाहीत. हात आपला राहत नाही. चाचाने डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपला. तर म्हणाला, "आता बराबर हाय. आता नका बोलू कोनी."

कोणीच बोलत नव्हतं.

पन्नाशीनंतर पहिल्यांदा हातून काहीतरी झालं. डोळे भरले. तंतू गेला म्हणून सांगितलं.

१३ जाने.

उ. २. निळ्याच पट्ट्यांची. थोडी फुगीर, थोडी खरबरीत. नि.ने मुठीने दाबली, सोडली. उठली. परत दाबली. परत उठली. "तुमच्यावानी नाई ही," म्हणाली. "ऐकते."

चार दुपारी तिने ती वापरली. बसली नाही. मान सरळ. शेवटच्या दुपारी घोरली. हे तिला सांगितलं नाही.

पुठ्ठ्यावर दुकानाची पाटी लिहून बघितली. तीन नावं लिहिली, तिन्ही खोडली. पुठ्ठा मशीनच्या मागे ठेवला आहे.

१७ जाने., बुधवार

तिळगूळ, सरकीचा डबा आणि उशी घेऊन टेकाडीला. शेळीचं सांगितलं. "कोनाची शेयी?" म्हणाली. "तिच्या घरी कपाशीचं एक झाड लावा म्हनावं." हसली बहुतेक. तिचं हसू नीट वाचता येत नाही.

उशी हातात घेतली नाही. खाटेकडे बोट दाखवलं, तिथे ठेवली. "आठ दिसानं या."

काहीच न लिहिता चिठ्ठी ठेवून घेतल्यासारखं.

२१ जाने.

चार दिवस झाले. हवेत गारवा आहे. टेकाडीवर जास्तच असेल.

दुपारी झोप लागत नाही. नि. म्हणाली, "उशीवाल्याले झोप नाई, अन् चालले दुकान काढाले." चाचा रोज निरोप पाठवतो, काय झालं. मी रोज सांगतो, अजून नाही. त्याने पिंजण परत आढ्याला टांगलं नाही. दाराआड उभं करून ठेवलं आहे.

अर्ध्या झोपेत दिसतं. ओसरीत दहा-बारा माणसं सतरंजीवर आडवी. पानठेल्यावरचा मधू, घाटंजीचा म्हातारा, मेहुणाही. सगळ्यांचे डोळे मिटलेले. मी त्यांच्यामधून पाय न वाजवता फिरतोय. एक उशी रिकामी आहे, ती कोणाची ते कळायच्या आत जाग येते.

२४ जाने.

मेहुण्याचा फोन, गुरुजींकडे. उद्या संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही. मालकाकडे दुसरा माणूस तयार आहे. "भाऊजी, माहा शबद गेला नाई पाह्यजे."

नि.ला विचारलं, काय सांगू? ती निळ्या कापडाचे उरलेले तुकडे घडी करून ठेवत होती. "मले कायले पुसता? मी तं झोपली त्या उशीवर. माहं सांगून झालं."

मग दिवा लावताना, पाठमोरी: "चौकीदारी घेतली तरी मी काई म्हननार नाई. पन तुमचं तोंड या दोन महिन्यात मी पाह्यलं हाय."

असं ती कधी बोलली नव्हती.

२५ जाने., गुरुवार

हे शेवंताबाईच्या ओसरीत बसून लिहितो आहे. वही पिशवीत घातली ती नि.ने. दोन भाकरीही. मेहुण्याला उत्तर संध्याकाळी, इथून परतल्यावर.

दार लोटलेलं, बाई खाली बरडावर. शेवटची वेचणी. कापसाचा ढीग अजून आहे, चादरीने झाकलेला. म्हणजे व्यापारी आला नाही, किंवा आला आणि तिने काही सांगितलं नाही, किंवा सौदा झाला आणि माल उद्या जाईल. तिन्ही धरून बघितलं. एकही हाती लागत नाही.

खाट अंगणात काढलेली आहे. खाटेवर उशी, उन्हाला टाकलेली. निळे पट्टे वर. मधे डोक्याचा खोलगट ठसा आणि एक लांब पांढरा केस.

हात लावायला नको होता. लावला. ठशावर तळवा दाबला आणि सोडला. उशी सावकाश वर आली. केस तसाच राहिला. मी परत येऊन पायरीवर बसलो, हात गुडघ्यांत धरून.

कोंबडी आली, बघून गेली.

आता ती बांधावरून वर यायला लागली आहे. डोक्यावर गाठोडं, कमरेला ओटी. पंचवीस वर्षं मी लांबून येणारी गाडी बघून सांगायचो, आत काय असेल. बैलांच्या चालीवरून, माणसाच्या बसण्यावरून. क्वचित चुकायचो. आता बघतोय. पावलं नेहमीसारखी. तोंड गाठोड्याच्या सावलीत.

बांध ओलांडला. अंगणाच्या कुंपणाजवळ थांबली, पायातला काटा काढते आहे बहुतेक. माझ्याकडे बघितलं का? बघितलं.

भाकर सोडून ठेवतो, दोघांची.

आजची ग्रेड तिने द्यायची: